आम्ही दिवेकर, त्याही दिवेकर. मग त्या ज्यू कशा?

ओसरी

मंडळी, आधी एक किस्सा सांगतो, मग प्रश्न विचारतो.

गेल्या महिन्यात कामासाठी दहा दिवस हैफाला होतो. गळ्यात बिल्ला, बिल्ल्यावर इंग्रजीत आडनाव. तिसऱ्या दिवशी कँटीनच्या रांगेत उभा होतो. वाढणाऱ्या बाईंनी बिल्ल्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "दिवेकर? तुम्ही आमच्यातले काय?"

मला वाटलं आमच्यातले म्हणजे महाराष्ट्रातले. म्हटलं हो, पुण्याचा. तर म्हणाल्या, "तसं नाही हो. इस्राएल काय?" मी गडबडलो. नाही म्हटलं, आम्ही चित्पावन. बाईंचा चेहरा जरासा उतरला, पण ताटात भात मात्र एक डाव जास्त पडला. मागची रांग चुळबुळ करायला लागली तेव्हा घाईघाईत एवढंच कळलं की त्यांचं माहेरही दिवेकर, आजोबा रेल्वेत होते आणि घर माझगावला होतं.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. त्यांचं उत्तर तयार: "आपल्या आडनावाचे ज्यू? छे. त्यांनी उचललं असेल आपलं."

मला हे काही पटलं नाही. आडनाव कोण कुणाचं उचलतं? आणि उचललंच असेल तर दिवेकरच का? कुणाला माहिती असेल तर सांगा. हे आडनाव ज्यूंमध्ये कुठून आलं, किती जुनं आहे, आणि आता कितीजण लावतात?

बॅटरी_लो

एक डाव भात जास्त मिळत असेल तर मीही उद्यापासून दिवेकर.

(जागा धरून ठेवतो. वाचणार.)

नारळी_पोफळी

ओसरी, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा आणि हेही सांगा की कुणी कुणाचं काही उचललेलं नाही. दोघांनीही गावाचं नाव घेतलं. गाव कुणाच्या बापाचं नसतं.

मी अलिबाग तालुक्यातला, मास्तरकीत हयात गेली. आमच्याकडे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू लोकांची घरं माझ्या लहानपणापर्यंत भरपूर होती. अलिबागेत आजही इस्राएल आळी आहे, तिथे त्यांचं प्रार्थनामंदिर आहे. आम्ही त्याला मशीदच म्हणायचो, आणि तेही तसंच म्हणायचे. त्यांची आडनावं घ्या आणि रायगडचा नकाशा समोर ठेवा. पेणचे पेणकर. रोह्याचे रोहेकर. कुंडलिका ओलांडली की अष्टमी, तिथले अष्टमकर. झिराडचे झिराडकर, पेझारीचे पेझारकर, नागावचे नागावकर, सोगावचे सोगावकर, वाक्रुळचे वाक्रुळकर, घोसाळ्याचे घोसाळकर, आपट्याचे आपटेकर. किहीमचे केहिमकर, चौलचे चेऊलकर. आणि दिवेआगरचे दिवेकर.

शंभराहून जास्त गावांची नावं अशी त्यांच्या आडनावांत आहेत. यातली बरीचशी आडनावं इतर जातींतही सापडतील. पेणकर तर किती जातींत आहेत याची गणतीच नाही. कोकणातला बामण, आगरी, कोळी, मराठा, कोकणी मुसलमान सगळेच गावावरून ओळखले जायचे. तेच यांचं झालं, कारण तेही कोकणातलेच.

पण नवगाव हे नाव त्यांना सगळ्यात जवळचं. त्यांची कथा अशी की फार फार पूर्वी जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या आणि नवगावच्या किनाऱ्याला लागल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरलं. नवगावला ती जागा आजही दाखवतात. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं 'शनवार तेली'.

तिरकस

गावाचं नाव हे ठीक, पण 'कर' कशाला? मी असं ऐकलंय की कर म्हणजे सारा. ज्यांच्याकडे गावचा कर वसूल करायचं काम होतं ते अमुककर. म्हणजे हे लोक वतनदार होते का?

शब्दवेल्हाळ

तिरकस, ही व्युत्पत्ती प्रत्येक लग्नात एक तरी काका सांगतात. तेव्हा तुमचा दोष नाही.

पण बघा, घाणा चालवणारा तेली सारा वसूल करत होता का? कोळी करत होते? मग मुंबईकर, सोलापूरकर, 'आमच्या समोरचे सातारकर' हे सगळे काय वसूल करतात? 'कर' म्हणजे तिथला, त्या ठिकाणचा. प्रत्यय आजही जिवंत आहे, उद्या कुणी चंद्रावर राहायला गेलं तर मराठी वर्तमानपत्र त्याला चंद्रकर म्हणेल.

दोन गोष्टी मात्र लक्षात घेण्यासारख्या आहेत.

गावात राहणाऱ्याला गावावरून कुणी हाक मारत नाही. दिव्यात सगळेच दिव्याचे, मग दिवेकर कुणाला म्हणायचं? तिथे माणूस सामाजी, हसाजीचा मुलगा, पलीकडच्या वाडीतला तेली. दुसऱ्या गावी गेला की तिथले लोक विचारतात, हा कुठला? दिव्याचा. झाला दिवेकर. म्हणजे हे आडनाव गाव सोडल्याची पावती आहे. त्यामुळे चित्पावन दिवेकर आणि ज्यू दिवेकर यांच्यात नातं शोधायचंच असेल तर ते एवढंच की दोन्ही घरांतल्या कुणीतरी कधीतरी त्या नावाचं गाव सोडलं. एकाच पिढीत, एकाच वाटेने असंही नाही. शिवाय दिवे नावाची गावं महाराष्ट्रात एकाहून जास्त आहेत, हेही डोक्यात ठेवा. आडनाव एक म्हणून घराणं एक होत नाही.

आणि आडनावात गावाचं नाव गोठून जातं. आज आपण चौल म्हणतो, आडनावात 'चेऊल' तसंच राहिलंय. पाटीवर किहीम लिहितात, आडनावात 'केहिम'. गावाने नाव बदललं, पण सोडून गेलेल्याने जाताना नेलं तेच जपलं. परगावी गेलेल्यांच्या आडनावांतून जुनी ग्रामनामं शोधायचा उद्योग कुणीतरी नीट करायला हवा.

अवांतर: युरोपातल्या ज्यूंचीही कितीतरी आडनावं अशीच आहेत. बर्लिनर, फ्रँकफर्टर, क्राकोव्हचे क्राकाउअर, वॉर्साचे वार्शाव्स्की. जर्मनचा 'अर' आणि पोलिशचा 'स्की' जे काम करतात तेच आपला 'कर' करतो. फरक असा की तिकडे बऱ्याच ठिकाणी सरकारने हुकूम काढून आडनावं घ्यायला लावली. ऑस्ट्रियात दुसऱ्या जोसेफ बादशहाचा हुकूम १७८७ चा. कोकणात तसला हुकूम काढायला कुणी आलं नाही. लोकांनी हाक मारली तेच नाव.

मीनल_के

खूपच छान माहिती. माझा गोंधळ जरा प्राथमिक आहे, हसू नका. मुंबईचे ज्यू म्हटलं की मला ससून डॉक, डेव्हिड ससून लायब्ररी वगैरे आठवतं. आणि सिनेमात ज्यू माणूस दाखवायचा असेल तर त्याचं आडनाव कोहेन नाहीतर लेव्ही. तेलाचा घाणा आणि ससून हे एकाच समाजाचे?

दफ्तरदार

हसत नाही मीनल, हा गोंधळ सगळ्यांचाच होतो.

ससून, कदूरी, एझ्रा ही बगदादी मंडळी. व्यापारी, इराकातून आलेली, घरात अरबी बोलणारी. डेव्हिड ससून मुंबईत आला तो १८३० च्या दशकात. कोचीनच्या ज्यूंची परंपरा तिसरीच, त्यांची घरची भाषा मल्याळम. आणि बेने इस्राएल आपले कोकणातले, मराठी बोलणारे. संख्येने हेच सर्वांत जास्त. बगदाद्यांनी सुरुवातीला यांच्याशी मुंबईत रोटीबेटी सोडाच, दफनभूमीतही अंतर राखलं होतं.

आता कोहेन आणि लेव्हींबद्दल. कोहेन म्हणजे मंदिरातल्या पुरोहितांचे वंशज, लेव्ही म्हणजे त्यांच्या हाताखालच्या सेवेकऱ्यांचे. जगभर ज्यूंमध्ये ही आडनावं सर्वांत जास्त आढळतात. पण बेने इस्राएलांत परंपरेने कोहेनही नाहीत आणि लेव्हीही नाहीत. कोकणात आलेल्या त्या सात जोडप्यांत पुरोहित नव्हता, असं त्यांचं स्वतःचंच म्हणणं. पुढे डेव्हिड राहाबी नावाचा शिक्षक आला. त्याने तीन घराण्यांतल्या माणसांना धर्मविधी शिकवून काजी नेमलं, ती घराणी झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर. बघा, पौरोहित्यही शेवटी तीन गावांच्याच नावाने आलं.

आणि आता दिवेकर. ओसरी, तुमच्या बाबांना बसवून वाचून दाखवा.

अठराव्या शतकाच्या मध्याला ही कुटुंबं कोकणातून मुंबईला यायला लागली. इंग्रजांना पलटणींसाठी माणसं हवी होती आणि बेने इस्राएल सैन्यात मोठ्या संख्येने गेले. त्यातलाच एक सॅम्युएल एझिकेल दिवेकर. मराठी कागदात सामाजी हसाजी दिवेकर. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात टिपूच्या हाती कैद झाला. पुढची गोष्ट समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कैद्यांना विचारलं, तुम्ही कोण? हे म्हणाले, बनी इस्राएल. टिपूच्या आईच्या कानावर ते गेलं. ती म्हणाली, कुराणात ज्यांचं नाव आहे ते हे लोक, यांना मारू नका. सुटका झाली. सामाजीने नवस केला होता की जिवंत परतलो तर मुंबईत प्रार्थनामंदिर बांधीन. १७९६ मध्ये त्याने ते बांधलं. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग. मांडवीतल्या ज्या रस्त्यावर ते आहे त्याचं नाव सॅम्युएल स्ट्रीट. मंदिराचं आजचं नाव शार हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार, पण हे नाव फार नंतर पडलं. तोवर लोक 'जुनी मशीद' म्हणायचे.

नंतर तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या आणायला म्हणून सामाजी कोचीनला गेला आणि १७९७ मध्ये तिथेच वारला.

ओसरी

बापरे. मशीद बंदर स्टेशनवर मी हजारदा उतरलो असेन, सुकामेवा घ्यायला. म्हणजे ती 'मशीद' ही?

बाबांना वाचून दाखवलं. पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "सुभेदार होता का?" हो म्हटल्यावर खूश झाले. आमच्या घरात सैन्यात कुणीच नाही.

तिरकस

मशीद बंदर नाव सिनेगॉगवरून पडलं हे मला फारच गोड वाटतं. त्या भागात मशिदी काय कमी आहेत? असल्या गोष्टी व्हॉट्सॲपवर बऱ्या. अलिबागसुद्धा म्हणे कुणा अली नावाच्या ज्यूच्या बागेवरून पडलं.

दफ्तरदार

अलिबागच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. अली नावाच्या कुणीतरी विहिरी खोदल्या, बागा केल्या, एवढं सगळे सांगतात. तो मुसलमान होता की एली नावाचा बेने इस्राएल, हे ज्याने त्याने आपापल्या सोयीने ठरवलंय.

मशीद बंदराचं मात्र एवढं सहज उडवून लावू नका. बेने इस्राएल आपल्या मंदिराला मशीदच म्हणत, हे वर नारळी_पोफळींनीही सांगितलं. 'सिनेगॉग' शब्द बोलण्यात नंतर आला. आणि स्टेशन त्या मंदिरापासून चालत पाच-सात मिनिटांवर. शपथेवर सांगणार नाही, पण पैज लावायची तर मी सामाजीवर लावेन.

नारळी_पोफळी

चेऊलकर म्हटल्यावर कुणाला काही आठवलं नाही? सिनेमातला डेव्हिड. 'बूट पॉलिश'मधला जॉन चाचा. त्याचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. पडद्यावर नुसता डेव्हिड, म्हणून लोकांना वाटायचं ख्रिस्ती. आमच्या शाळेत एका मुलाने विचारलं होतं, सर, हा गोव्याचा का? म्हटलं नाही रे, ह्या बाजूचा, आपल्या चौलचा.

'आलम आरा' ज्यांच्या नाटकावर काढला ते जोसेफ डेव्हिड म्हणजे पेणकर. म्हणजे हिंदीतला पहिला बोलपट, पण लेखकाचं आडनाव पेणचं. गणपतींपलीकडे पेणची ही एवढी ओळख पेणच्या लोकांनाही नसते.

डॉक्टर जेरुशा झिराड. झिराडच्या. लंडनला जाऊन एमडी झाल्या, कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या, १९६६ मध्ये पद्मश्री. यांनी 'कर' काढून नुसतं झिराड ठेवलं, बघा. झिराडला एसटी थांबते तिथे दहा जणांना विचारलं तर एकाला तरी माहीत असेल का, शंका आहे.

आणि हायम सॅम्युएल केहिमकर. त्यांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला १८९७ मध्ये, छापून आला १९३७ मध्ये, तोही तेल अवीवला. चाळीस वर्षं बाड पडून होतं.

शब्दवेल्हाळ

'कर' काढण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. हे आडनाव किती पसरलेलं आहे असा प्रश्न ओसरींनी विचारला होता, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे. दिवेकर, पेणकर दिसतात त्याहून खूप जास्त आहेत, पण ते लपलेत.

जुन्या पिढ्यांत नावं पूर्ण मराठी वळणाची होती. एझिकेलचा हसाजी, सॅम्युएलचा सामाजी, अब्राहमचा आबाजी, इसाकचा इसाजी, मोझेसचा मुसाजी, एलियाहूचा एलोजी, डेव्हिडचा दाऊदजी. नावाच्या आत हिब्रू, वर मराठी अंगरखा, शेवटी गाव. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळा आल्या. जॉन विल्सनने तर यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं, १८३२ मध्ये. मूळ ग्रंथ वाचता यायला लागल्यावर हसाजीला कळलं की आपण एझिकेल. सामाजी पुन्हा सॅम्युएल झाला. मग शाळेत, पलटणीत, सरकारी नोकरीत नाव लिहिताना बापाचं किंवा आजोबाचं हिब्रू नाव शेवटी यायला लागलं आणि तेच आडनाव म्हणून बसलं. गाव मागे पडलं.

म्हणून मुंबई-पुण्यात तुम्हाला एझिकेल, मोझेस, सॅमसन, बेंजामिन, रूबेन, सॉलोमन भेटतात. खोदलं की खाली कुठलातरी कर निघतो. कवी निस्सिम एझिकेल घ्या. इंग्रजीत लिहिणारा, पार मुंबईचा माणूस. घराण्याचं आडनाव तळकर.

तेव्हा एका घरात दोन भाऊ, एक दिवेकर आणि एक सॅम्युएल, असंही चालायचं. जनगणनेत आडनावं मोजत नाहीत, पण कुणी मोजायला गेलंच तर फसेल.

बॅटरी_लो

म्हणजे माझ्या शाळेतले पीटीचे मोझेस सर! जो मुलगा रांगेत हलेल त्याला म्हणायचे, "काय रं, इंगळी डसली काय?" आम्ही आयुष्यभर त्यांना ख्रिस्ती समजून नाताळला शुभेच्छा देत आलो. सर कधी काही बोलले नाहीत.

अश्दोदकर

नमस्कार. मी इथे नुसती वाचत असते, लिहीत नाही, कारण माझं मराठी टायपिंग फार हळू आहे. आज मुलाने फोनवर बोलून लिहायचं शिकवलं, म्हणून धाडस करते. चुका पोटात घाला.

माहेरची मी वाक्रुळकर, सासरची दिवेकर. जन्म ठाण्याचा, १९७० च्या आधी आईवडिलांबरोबर इथे आले. वाक्रुळ मी एकदाच पाहिलं आहे, पाच-सहा वर्षांची असताना. आठवतं ते एक चिंचेचं झाड आणि माझा पाय शेणात पडला तो.

वर एका सरांनी लिहिलं की गाव सोडल्यावर गावाचं नाव लागतं. मला ते वाचून हसू आलं कारण माझं इथलं नाव मी गंमतीनेच ठेवलं होतं. अश्दोदमध्ये आमची खूप घरं आहेत. बेरशेबा, दिमोना, रामला, लोद इथेही. पण इथे कुणी अश्दोदकर नाही, सगळे पेणकर, रोहेकर, तळकर.

इथे या आडनावांचं काय होतं ते सांगते. हिब्रूत लिहिताना स्वर बहुतेक लिहीत नाहीत. त्यामुळे दिवेकर लिहिलेलं शाळेत कुणी दिवकर वाचतं, कुणी दायवकर. ळ तर हिब्रूत नाहीच. माझ्या वडिलांचं वाक्रुळकर पहिल्याच कागदावर वाक्रुलकर झालं ते कायमचं. माझे वडील शेवटपर्यंत फोनवर स्वतःचं नाव सांगताना ळ जोरात म्हणायचे, जसं काही पलीकडचा कारकून तो लिहून घेईल. काहींनी कंटाळून हिब्रू आडनावं घेतली. माझ्या दिरांनी घेतलं. माझ्या यजमानांनी नाही घेतलं. ते म्हणायचे, एवढ्या लांब आणलं आहे, आता इथे येऊन टाकू कुठे.

सासरे १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला धरण्यावर बसले होते. तेव्हा इथले धर्मगुरू म्हणत होते की बेने इस्राएल लोकांशी लग्न लावायचं असेल तर आधी त्यांची वंशावळ तपासा. आमच्या लोकांनी ठाण मांडलं. शेवटी संसदेने सांगितलं की हे पूर्ण ज्यू आहेत, यांच्यात नि बाकीच्यांत भेद करायचा नाही. सासरे म्हणायचे, तिकडे आम्हाला शनवार तेली म्हणत, ते चाललं. निदान शनिवार पाळतो हे त्यांना दिसत होतं.

आणि ओसरी, तुम्हाला कँटीनमध्ये भेटल्या त्या कोण ते मला साधारण कळलं आहे, पण इथे नाव लिहीत नाही. त्यांना तुमचा निरोप देते.

मीनल_के

तुमचं टायपिंग हळू असू दे, अजून लिहा. घरी मराठी बोलता अजून? सण कसे करता?

अश्दोदकर

माझ्या वयाची माणसं बोलतात. मुलांना समजतं, बोलत नाहीत. नातवंडांना 'इकडे ये' आणि 'गप बस' एवढं येतं. 'मायबोली' नावाचा मराठी अंक इथून निघत आला आहे, तो माझे यजमान पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, जाहिरातीसकट.

सणांची आमची जुनी नावं मराठीच होती. योम किप्पूर म्हणजे आमचा प्रायश्चित्ताचा उपवास. आई योम किप्पूर म्हणत नसे, दारफळणीचा सण म्हणायची. तिशा बाव म्हणजे बिरड्याचा सण, मंदिर पडलं त्या दुःखाचा दिवस. त्या दिवशी वालाचं बिरडं. वाल इथे मिळतात, पण कडवे मिळत नाहीत. कुणी येणार असलं की आम्ही कडवे वाल आणायला सांगतो. आणि मलिदा आम्ही अजून करतो, पोहे, नारळ, गूळ, फळं. नवस फेडायला एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे आमच्या प्रेषित एलियाच्या नावाने. अलिबागजवळ खंडाळ्याला त्यांचा टापा आहे, तिथला खडक दाखवतात, तिथून ते आकाशात गेले असं.

तिरकस

मी इतका वेळ शंका काढतोय म्हणून राग मानू नका, पण एक राहिलीच. ही सात जोडप्यांची गोष्ट खरी की नुसती गोष्ट? कोकणातच परशुराम आणि चौदा प्रेतांची चित्पावनांची गोष्ट आहे. इकडे सात आणि सात मिळून चौदाच. आकडासुद्धा जुळतो.

शब्दवेल्हाळ

आकडा जुळतो हे खरं, आणि ते याआधीही अनेकांच्या लक्षात आलंय. एकाच किनाऱ्यावर शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन समाजांनी आपापल्या उगमाची गोष्ट सारखी सांगावी यात नवल नाही. आडनाव शेजाऱ्यांसारखं, भाजी शेजाऱ्यांसारखी, तर गोष्टही शेजाऱ्यांसारखी.

पण गोष्ट नक्कल वाटली म्हणून मूळही खोटं ठरत नाही. २०१६ मध्ये जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बेने इस्राएलांमध्ये पश्चिम आशियातल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा असा दोन्ही वारसा सापडला. दोन्हींची सरमिसळ साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची. म्हणजे ढोबळमानाने साडेसहाशे ते हजार वर्षं.

आता योगायोग बघा. दिवेआगरला सापडलेला मराठी ताम्रपट शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. त्यात घैसास हे नाव आहे. दिव्याच्या मातीत मराठी लिहिलं जात होतं त्याच्या थोडं इकडेतिकडे हे लोकही या किनाऱ्यावर मिसळत होते. हे मी जोडतोय, ताम्रपटात ज्यूंचा उल्लेख आहे असं कुणी उद्या व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

दफ्तरदार

ओसरींचा शेवटचा प्रश्न राहतोय, आता किती.

स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. पन्नास आणि साठच्या दशकांत बहुतेक सगळे गेले. २०११ च्या जनगणनेत भारतभरातले सगळ्या प्रकारचे ज्यू मिळून पाच हजारांच्या आत, त्यातले निम्म्याच्या आसपास महाराष्ट्रात, मुख्यतः मुंबई-ठाण्यात. महाराष्ट्राने २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला. तिकडे इस्राएलमध्ये भारतीय वंशाचे ज्यू ऐंशी हजारांच्या घरात सांगतात, त्यात सर्वांत मोठा गट हाच.

म्हणजे ज्यू दिवेकर शोधायचे तर दिवेआगरात नाही, मुंबईतही मोजकेच, आणि अश्दोद-दिमोनात भरपूर. आडनाव कोकणी, गाव कोकणात, लावणारे बहुतेक परदेशात. पनवेल, पेण, रेवदंडा, अलिबाग इथली मंदिरं उभी आहेत, पण दहा पुरुष जमल्याशिवाय पूर्ण प्रार्थना होत नाही, आणि दहा जमवायला मुंबईहून गाडी करावी लागते.

नारळी_पोफळी

आमच्याकडे तेच. आळीतलं शेवटचं ओळखीचं घर माझ्या निवृत्तीच्या आधी गेलं. जाताना पाटा-वरवंटा आमच्या घरी ठेवून गेले. अजून वापरात आहे. पाट्याला टाकी लावायला येणारी बाई दरवेळी विचारते, हा 'इस्रायलांचा' का? दगड चांगला आहे म्हणते.

ओसरी

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

एक घडामोड. बाबांनी जाहीर केलंय की या रविवारी दिवेआगर. गणपतीचं दर्शन आणि "आपलं गाव" बघायला. बाहात्तर वर्षांत एकदाही गेलेले नाहीत, आता शुक्रवारीच निघू म्हणतायत. आमचं तिथे घर नाही, जमीन नाही, ओळखीचं कुणी नाही. जेवायची सोय नारळाच्या वाडीतल्या एका घरगुती खाणावळीत केली आहे.

अश्दोदकर, तुमच्यासाठी काही आणायचं का? म्हणजे आणणार कसं ते नंतर बघू. पुन्हा हैफाची फेरी आहे दोन-तीन महिन्यांत.

अश्दोदकर

कडवे वाल एक किलो. पैसे देईन.

आणि जमलं तर गावात शिरताना नावाची पाटी असेल तिचा फोटो. माझ्या नातवाला शाळेत आडनावाचा अर्थ लिहून न्यायचा आहे. मी सांगितलं दिवे हे गाव आहे, तर म्हणतो, सावता, असं गाव नकाशात आहे का खरंच? सावता म्हणजे आजी. पाटीवर तुमच्या वडिलांना पण उभं करा, म्हणजे त्याला दाखवता येईल की दुसरेही दिवेकर आहेत.

ओसरी

बाबांना विचारलं. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय.

बॅटरी_लो

वाल दोन किलो घ्या. तपासणीत एक किलो जातो.